आठवड्यातला एक दिवस : पाबळचा विज्ञान आश्रम आणि शाळेतले विज्ञान

पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले गाव. इतिहासाच्या वाचकांना ते मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असते. राजगुरुनगरहून पूर्वेकडे निघाले की सह्याद्रीचा पाऊस मागे पडत जातो आणि पाबळ येईपर्यंत पर्जन्यछायेचा उघडा माळ सुरू झालेला असतो. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी विज्ञान आश्रमासाठी हे गाव निवडले. पाणी कमी, शेती पावसाच्या भरवशावर, शाळा अर्धवट सोडलेली मुले गावातच. देशातली बहुसंख्य खेडी अशीच आहेत, तेव्हा इथे जे जमेल ते इतरत्रही जमवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. कालव्याखालचे एखादे बागायती गाव घेतले असते तर यश लवकर डोळ्यांत भरले असते, पण दुष्काळी तालुक्यातल्या शाळेला त्या यशाचा काही उपयोग झाला नसता.

डॉ. कालबाग पेशाने शिक्षक नव्हते. जन्म १९२८ चा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काही वर्षे काम, आणि त्यानंतर हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात मोठ्या जबाबदारीचे पद. पन्नाशी उलटल्यावर ते सारे सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीरा कालबाग पाबळला येऊन राहिले. आश्रमाच्या घडणीवर या पूर्वायुष्याची छाप स्पष्ट आहे. खेड्यातले शिक्षण हा प्रश्न त्यांनी संशोधकाच्या रीतीने हाताळला. आधी गृहीतक मांडायचे, लहान प्रमाणावर करून पाहायचे, नोंदी ठेवायच्या, फसले तर पद्धत बदलायची.

ते गृहीतक असे होते. माणूस शाळेबाहेर जे काही शिकतो ते करून शिकतो. बोलणे, पोहणे, सायकल, गुरे राखणे, भाकरी थापणे, यांतले काहीही कोणी व्याख्या पाठ करून शिकलेले नाही. हात चालू लागले की डोके आपोआप प्रश्न विचारू लागते. शाळेने हा क्रम उलटा केला आहे. तिथे आधी व्याख्या येते, मग आकृती, मग सूत्र, आणि प्रत्यक्ष वस्तू बहुतेक वेळा येतच नाही. तेव्हा विज्ञान-गणितात नापास होणारे खेड्यातले मूल बुद्धीने कमी आहे, असे म्हणण्याआधी शिकवण्याची रीत तपासायला हवी. हे गृहीतक पारखण्यासाठी डॉ. कालबागांनी हुशार मुले निवडली नाहीत. ज्यांच्याबाबत शाळेने आशा सोडली होती, त्या मुलांना त्यांनी आश्रमात घेतले.

हा विचार महाराष्ट्राच्या मातीत नवा नव्हता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. ‘नई तालीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिक्षणाच्या शाळांत टकळी आली, सूत आले. पण पुढे बहुतेक ठिकाणी सूत कातणे हा एक तास उरला आणि त्या सुतातून गणित, भूगोल, विज्ञान काढण्याचे अवघड काम मागे पडले. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले मोठे नाव. १९४८ साली त्यांनीच मुंबईत भारतीय शिक्षण संस्था, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, स्थापन केली. ती १९७६ मध्ये पुण्याला आली. विज्ञान आश्रम सुरू झाला तो याच संस्थेचे एक केंद्र म्हणून. जे. पी. तोवर हयात नव्हते, पण डॉ. चित्रा नाईक संस्थेत होत्या. कार्यानुभवाची शिफारस ज्यांनी कागदावर उतरवली त्यांच्याच संस्थेच्या छत्राखाली तिची सर्वांत कसोशीची परीक्षा एका माळावर व्हावी, हा योग मला मोलाचा वाटतो.

सुरुवातीच्या वर्षांत आश्रमात घडला तो निवासी अभ्यासक्रम. पुढे त्याला ‘डिप्लोमा इन बेसिक रुरल टेक्नॉलॉजी’ हे नाव मिळाले आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यताही. एक वर्षाचा हा अभ्यासक्रम चार विभागांत आहे: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. प्रत्येक मुलाने चारही विभागांत काम करायचे. मुलींनी वेल्डिंग करायचे, मुलांनी स्वयंपाकघरातल्या पोषणाचा हिशेब मांडायचा. राज्यात टेक्निकल हायस्कुले होती, आयटीआय होते, पण तिथे एका कामाचा कारागीर तयार होतो. खेड्याला असा एका कामाचा माणूस पुरत नाही. मोटर जळली, भिंत फुटली, शेळी आजारी पडली, वायरिंग उघडे पडले, तर चार कामे कळणारा एक माणूस गावाला हवा असतो. शिवाय चार विभागांत फिरलेल्या मुलाला एकच नियम चार ठिकाणी भेटतो. तरफ त्याला हातपंपावर दिसते आणि पत्रा कापायच्या कात्रीतही. बाष्पीभवन पॉलिहाउसमध्ये दिसते आणि पापड वाळवतानाही. विज्ञानाचा नियम सर्वत्र लागू असतो हे सांगून पटत नाही. दोन-तीन वेगळ्या जागी तो स्वतःला सापडला की पटते.

आश्रमात जी तंत्रे विकसित झाली त्यांतली दोन इथे सविस्तर सांगितली पाहिजेत, कारण काम आणि विज्ञान यांची गाठ नेमकी कुठे पडते ते त्यांत दिसते.

पहिले भूजलाच्या शोधाचे. दुष्काळी गावात विहीर किंवा बोअर कुठे घ्यावी हा लाखमोलाचा प्रश्न. शेतकरी पाणाड्याला बोलावतो, तो नारळ किंवा ओली काडी घेऊन शेतात फिरतो आणि जागा दाखवतो. बोअर कोरडी गेली की कर्ज अंगावर पडते. आश्रमाने विद्युतरोध मोजण्याचे यंत्र हाताशी घेतले आणि मुलांना ते चालवायला शिकवले. जमिनीत एका रेषेत सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा, आतल्या दोन सळयांमधले विभवांतर मोजायचे. भागाकार केला की रोध मिळतो, आणि त्याला सळयांमधल्या अंतराने व २π ने गुणले की त्या खोलीपर्यंतच्या जमिनीची रोधकता कळते. सळया जसजशा लांब न्याव्यात तसतसा प्रवाह खोल जातो आणि खालच्या थरांची खबर मिळते. कोरडा, अखंड काळा पाषाण प्रवाहाला मोठा विरोध करतो. पाण्याने भिजलेला मुरूम किंवा भेगाळलेला खडक कमी. आकडे आलेखावर मांडले की वक्र कुठे खाली वाकतो ते दिसते.

यात आहे काय? नववी-दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम. वर्गात तो एक सेल, एक रोधक आणि दोन मीटर यांच्या आकृतीतून शिकवला जातो आणि परीक्षेत त्याच्यावर दोन-तीन गुणांचे उदाहरण येते. माळावर त्याच नियमाच्या आधारे एका शेतकऱ्याचे पैसे वाचणार किंवा बुडणार असतात. तिथे मूल एकक चुकवत नाही, वाचन दोनदा घेते, सळईभोवतीची माती कोरडी असेल तर तिथे पाणी ओतून संपर्क सुधारते आणि तसे का करायचे हेही विचारते. मोजमापाला ही किंमत आली की विज्ञानाची शिस्त अंगी बाणते.

दुसरे उदाहरण घुमटाचे. ‘पाबळ डोम’ या नावाने ओळखली जाणारी ही घरे त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभी राहतात. चौकोनी चौकट कोपऱ्यातून ढकलली तर तिरपी होते. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात, त्यामुळे तो डगमगत नाही. भूमितीच्या तासाला ‘बाजू-बाजू-बाजू कसोटी’ म्हणून मुले जी पाठ करतात ती हीच. घुमटासाठी ठरावीक लांबीचे तुकडे कापायचे, टोकांना भोके पाडायची आणि एकेक त्रिकोण जोडत वर जायचे. तुकड्यामागे थोडी थोडी चूक झाली तरी ती साठत जाते आणि वरचा शेवटचा त्रिकोण मिटत नाही. मग पुन्हा खाली येऊन चूक कुठे झाली ते शोधावे लागते. प्रयोगवहीत ‘चुकीची शक्यता’ या शीर्षकाखाली तीन ठरावीक वाक्ये उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला चूक साठते म्हणजे काय होते हे कधी कळत नाही. इथे ते डोक्यावर दिसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात अशी घुमटाकार घरे उभारण्याच्या कामात आश्रमाचा हात लागला. शाळा सोडलेल्या मुलांच्या हातून हे काम झाले, ही आश्रमाच्या इतिहासातली मोठी नोंद आहे.

जुन्या जीपचे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर, फेरोसिमेंटची बांधकामे, कोंबडीपालनाचे लहान घटक, अशी इतर कामेही त्या काळात झाली. त्यांचे तपशील वेगळ्या लेखाचे आहेत.

निवासी अभ्यासक्रमातून दरसाल थोडीच मुले बाहेर पडणार, हे उघड होते. गावोगाव जाऊन नवी केंद्रे उभारणे परवडण्यासारखे नव्हते. पण गावोगाव माध्यमिक शाळा होत्याच. इमारत, मैदान, वेळापत्रक, आठवी ते दहावीची मुले, सगळे आधीच जागेवर. शाळेलाच गावाच्या विकासाचे केंद्र करता येईल, या विचारातून १९८७ मध्ये तीन शाळांत एक उपक्रम सुरू झाला. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा हा विषय, ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’. शाळाशाळांत तो ‘आयबीटी’ या तीन अक्षरांनीच ओळखला जातो. आठवी, नववी आणि दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस, म्हणजे शाळेच्या वेळेचा सुमारे पाचवा भाग, शेडमध्ये, शेतात, गोठ्यात आणि स्वयंपाकघरात घालवायचा. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून त्याला मान्यता दिली.

या उपक्रमाची चार तत्त्वे होती: करत करत शिकणे, अनेक कौशल्ये, गावाला सेवा, आणि गावातलाच निदेशक. शेवटच्या दोन्हींचे महत्त्व बाहेरच्यांना चटकन कळत नाही. मुलांनी केलेले काम खऱ्या गिऱ्हाइकासाठी असावे आणि त्याचे रास्त पैसे घेतले जावेत, असा आग्रह होता. शाळेच्या खिडकीला जाळी बसवायची, कुणाच्या घराचे अर्थिंग करायचे, मातीची तपासणी करून द्यायची, रोपे विकायची. गिऱ्हाईक पैसे देते तेव्हा काम निकाली झाले पाहिजे असा त्याचा हक्क असतो. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला केलेल्या कागदी फुलांना तो दर्जा कधी मिळाला नाही. कामाआधी अंदाजपत्रक काढायचे, काम झाल्यावर खर्च मांडायचा, दोन्हींतली तफावत का पडली ते लिहायचे, हा त्या विषयाचा अविभाज्य भाग. आणि निदेशक म्हणून ज्याचा गावात वेल्डिंगचा, वायरिंगचा किंवा रोपवाटिकेचा स्वतःचा धंदा आहे असा माणूस. त्यांतले बरेच जण आश्रमातच शिकून गेलेले. त्याच्याजवळ बी.एड.ची पदवी नसते, पण कामात हात मुरलेला असतो.

गोठ्यातला एक पाठ मला फार आवडतो. गाईचे वजन काट्याशिवाय कसे काढायचे? पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचे आणि इंचांत मोजले असेल तर ३०० ने भागायचे. उत्तर पौंडांत येते. ६० इंच घेर आणि ५० इंच लांबी असेल तर ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. औषधाची मात्रा, खुराक, सगळे या वजनावर ठरते. इथवर ते एक उपयुक्त कौशल्य झाले. पण चांगला शिक्षक इथे थांबत नाही. घेराचा वर्गच का? घेर दुप्पट झाला तर वजन दुप्पट होईल की चौपट? मुले विचार करतात, आणि कुणाच्या तरी लक्षात येते की गाईचे धड म्हणजे ढोबळमानाने नळकांडे, आणि नळकांड्याचे घनफळ आपण गणितात काढलेले आहे. मग ३०० हा आकडा कुठून आला? घनतेचा आणि प्रत्यक्ष जनावरांच्या वजनाचा प्रश्न तिथून निघतो. एका गाईभोवती टेप गुंडाळून भूमिती, घनता आणि अनुभवजन्य सूत्र म्हणजे काय, एवढे सगळे शिकवता येते.

गृह-आरोग्य विभागात मुले रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकली. किशोरवयीन मुलीच्या रक्तात डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. आपल्याच वर्गातल्या मैत्रिणींची तपासणी करून जेव्हा मुली आकडे फळ्यावर मांडतात, तेव्हा लोह, आहार, जंत आणि गावातले पाणी हे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले विषय एकत्र येतात. त्यानंतर गूळ-शेंगदाण्याची चिक्की करताना तिच्यातल्या पोषणाचा हिशेब कुणाला कंटाळवाणा वाटत नाही.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पोराने शाळेत जाऊन घमेलेच उचलायचे तर शाळेत कशाला घालायचे, हा पालकांचा प्रश्न सुरुवातीपासून होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतच वाट्याला आली, त्यांनी शाळेकडे त्या मेहनतीतून सुटकेचा मार्ग म्हणून पाहिले. जातीने कामे वाटलेल्या समाजात हाताचे काम आणि कमी मान यांची सांगड पक्की बसलेली. त्यात बऱ्याच शाळांनी ‘अभ्यासात कच्ची’ मुले वेगळी काढून त्यांना या विषयाला बसवले, की पालकांचा संशय खराच ठरायचा. म्हणून हा विषय संपूर्ण वर्गासाठी असावा, पहिला येणारा मुलगा आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा दोघांनी एकत्र पाया खणावा, एकत्र सर्किट जोडावे, ही गोष्ट मला या साऱ्या प्रयोगाचा कणा वाटते. ती जिथे पाळली गेली नाही तिथे विषय बदनाम झाला.

आता मूळ प्रश्न. हाताच्या कामाला आठवड्यातला एक दिवस दिल्यावर मुलांचे शालेय विज्ञान सुधारते का? वर्गातले तास कमी झाले म्हणजे गुण घसरतील, ही मुख्याध्यापकांची भीती समजण्यासारखी आहे.

आपल्या शाळांतले विज्ञान नेमके कुठे अडले आहे ते आधी पाहू. देशातल्या शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०१७ च्या सर्वेक्षणात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तूचे टोक शून्यावर असताना ८६ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू शून्यापासून थोडी सरकवून ठेवली तेव्हा बरोबर उत्तर देणारे ४० टक्केच उरले. २०२३ मध्ये पुन्हा विचारले तेव्हाही आकडे जवळपास तेच, ८५ आणि ३९. या मुलांनी पट्टी पाहिलेली आहे, वापरलेली आहे, सेंटिमीटरची व्याख्या लिहिलेली आहे. मोजणे म्हणजे दोन खुणांमधले अंतर, हे मात्र त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत पोहोचलेले नाही. सुताराच्या हाताखाली काम केलेले पोर ही चूक करत नाही, कारण जुन्या टेपचे पुढचे टोक झिजलेले असते आणि सुतार दहापासूनच मोजायला सुरुवात करतो.

या एका उदाहरणात विज्ञान आश्रमाच्या दाव्याचा गाभा आहे. मापन, प्रमाण, एकक, अंदाज, चुकीची मर्यादा, कारण-परिणामाची साखळी या विज्ञानाच्या पायातल्या गोष्टी आहेत आणि त्या कामातच पक्क्या होतात. त्या पक्क्या झाल्या की पुस्तकातला धडा हलका जातो.

पण इथे सावध राहायला हवे. कामाला लावले की विज्ञान आपोआप येते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. तसे असते तर गवंड्यांची आणि फिटरांची पिढी भौतिकशास्त्रात पारंगत झाली असती. अमेरिकेत २००४-०५ या शैक्षणिक वर्षात राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण संशोधन केंद्राने एक मोठा प्रयोग केला. व्यवसाय शिकवणारे शिक्षक आणि गणिताचे शिक्षक एकत्र बसले, शेतीच्या, वाहनदुरुस्तीच्या, आरोग्याच्या कामात गणित कुठे कुठे दडले आहे ते त्यांनी शोधले आणि व्यवसायाच्या शिक्षकाने ते मुद्दाम उघड करून शिकवले. वर्षअखेरीस या वर्गांतली मुले गणिताच्या तीनपैकी दोन चाचण्यांत इतर व्यवसाय-वर्गांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली आणि त्यांचे व्यावसायिक कौशल्यही कमी झाले नाही. ज्यांच्याशी तुलना केली ती मुलेही व्यवसायच शिकत होती, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्हीकडे काम होते; फरक पाडला तो दोन शिक्षकांच्या एकत्र बसण्याने.

आयबीटीच्या शाळांतला फरकही मला इथेच दिसतो. काही शाळांत निदेशक आणि विज्ञानशिक्षक यांचे बोलणे असते. सोमवारी शेडमध्ये वेल्डिंग झाले की बुधवारी वर्गात ऑक्सिडीकरण आणि वितळबिंदू येतो. तिथे मुलाच्या डोक्यात दोन्ही तास एक होतात. काही शाळांत निदेशक कंत्राटी, मानधन उशिरा, स्टाफरूममध्ये खुर्ची नाही, आणि विज्ञानशिक्षक शेडकडे कधी फिरकलेलेच नाहीत. तिथे मुले सुबक बाक तयार करतात, आनंदाने करतात, पण तो आनंद विज्ञानाच्या वहीपर्यंत पोहोचत नाही. नई तालीमच्या सुताचे जे झाले तेच या बाकाचे होते. दोष कामाचा नसून शाळेतल्या मानपानाचा आहे, आणि तो दूर करणे शाळेच्या हाती आहे.

२००२ मध्ये आश्रमात नवे पर्व सुरू झाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले प्रा. नील गर्शेनफेल्ड संगणकाच्या आधारे वस्तू घडवणाऱ्या छोट्या कार्यशाळांची, फॅब लॅबची, कल्पना मांडत होते. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली ती पाबळला. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाची जुळणी सुधारणे, असे खेड्याचे प्रश्न तिथे हाताळले गेले आणि गर्शेनफेल्ड यांच्या २००५ च्या ‘फॅब’ या पुस्तकात पाबळ आणि डॉ. कालबाग यांना जागा मिळाली. पाबळची निवड व्हावी यात आश्चर्य नाही. प्रश्न समोर आल्यावर त्यासाठी लागणारे उपकरण स्वतः बनवायचे, ही सवय आश्रमाला आधीच जडलेली होती.

जुलै २००३ मध्ये डॉ. कालबाग गेले. वीस वर्षे त्यांनी त्याच माळावर काढली. ज्या संस्था एका माणसाच्या तपश्चर्येवर उभ्या राहतात त्यांना त्याच्या जाण्यानंतरची काही वर्षे कठीण जातात. आश्रम त्यातून बाहेर पडला, याचे श्रेय डॉ. योगेश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्यांनी आयबीटीचा विस्तार केला, लेंड अ हँड इंडिया या पुण्यातल्या संस्थेसारखे सोबती मिळाले, आणि उपक्रम महाराष्ट्राबाहेरच्या शाळांपर्यंतही गेला. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आल्यावर त्याच अभ्यासक्रमाचे ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ हे रूप झाले. चार विभागांची मूळ कल्पना त्यातही टिकली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा आणि उच्च शिक्षणातल्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी असे उद्दिष्ट ठेवले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सोबतीने, अशी कल्पनाही त्यात आहे. प्रत्यक्षात ‘असर’ला २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटातली व्यवसायप्रशिक्षण घेत असलेली मुले आढळली ती ५.६ टक्के. धोरण आणि वस्तुस्थिती यांतले हे अंतर भरून काढताना एक धोका मला दिसतो. केवळ नोकरीच्या बाजारावर नजर ठेवून मुलांना नववीतच एकेका धंद्याच्या कप्प्यात घालण्याची घाई होईल. सौंदर्यप्रसाधन, किरकोळ विक्री, वाहनदुरुस्ती असे एकेरी विषय शाळेला सोपे जातात, कारण त्यांना विज्ञानाच्या वर्गाशी नाते जोडावे लागत नाही. पाबळचा रस्ता अधिक कष्टाचा आहे आणि तोच माध्यमिक शाळेसाठी बरोबर आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आयुष्यभराचा धंदा ठरवायला लावू नये. चार प्रकारची कामे त्याच्या हाताला द्यावीत आणि प्रत्येक कामातून विज्ञान बाहेर काढून दाखवावे.

मुख्याध्यापकांना आणि विज्ञानशिक्षकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या शाळेत मूलभूत तंत्रज्ञान किंवा कोणताही व्यवसायविषय असेल, तर विज्ञानशिक्षकाने आठवड्यातून एक तास त्या शेडमध्ये मुलांबरोबर काम करावे, निदेशकाला विज्ञानाच्या वर्गात बोलवावे, आणि दोघांनी मिळून पुढच्या महिन्याच्या पाठांचे नियोजन एकाच कागदावर करावे. निदेशकाचे मानधन वेळेवर द्यावे आणि स्टाफरूममध्ये त्याला खुर्ची द्यावी. ज्या शाळेत असा विषय नाही, तिथल्या शिक्षकांनी मुलांना घेऊन एकदा पाबळला यावे.